जहाज केवढं होतं?

हिंगोलीत मला नावाने ओळखणारे थोडे, 'जहाजवाले' म्हणून ओळखणारे फार. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ते बिरुद सुटलेलं नाही. भाजी घ्यायला जावं, एस.टी. स्टँडवर पाहुण्याला सोडायला जावं, लग्नाच्या पंगतीत बसावं, की शेजारचा माणूस हळूच सरकतो आणि विचारतो, "साहेब, जहाज केवढं असतंय हो?"

पूर्वी मला हा प्रश्न भारी आवडायचा. उत्तर घोटून ठेवलेलं होतं. मी म्हणायचो, "आपल्या स्टेशनात लांब पल्ल्याची एक्सप्रेस उभी राहते ना, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, तेवढं लांब. रुंदी म्हणाल तर दोन्ही फलाट, मधले रूळ, तिकीटघर आणि बाहेर रिक्षा उभ्या राहतात ते आवार धरा. आणि उंची? सगळ्यात वरच्या कंटेनरवर उभे राहिलात तर नरसीच्या नामदेवाच्या देवळाचा कळस तुम्हाला पार खाली दिसेल." समोरचा 'आगागा' म्हणायचा आणि ते जहाज मीच घरी बांधल्यासारखा मी मिशीवरून हात फिरवायचो.

हल्ली मी एवढंच म्हणतो, "असतं मोठं." लोकांना वाटतं, म्हातारपणी हा माणूस तुसडा झाला. ते खरंही असेल. पण त्याला एक कारण आहे, आणि ते कारण या दिवाळीत एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

माझं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे. घरची शेती. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या परीक्षेला गेलो तेव्हा. त्याआधी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. थोरल्या भावाने, आमच्या दादाने, तेव्हाच विचारलं होतं, "तू काहून तिकडं जाऊन राहिला? पाण्यावर काय पिकून राहिलंय?" मी तरीही गेलो. शिकाऊ पोरगा म्हणून चढलो आणि चीफ ऑफिसर म्हणून उतरलो. चीफ ऑफिसर म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी. कॅप्टन जहाज नेतो, चीफ ऑफिसर त्यावरचा माल सांभाळतो. शेवटची बरीच वर्षं मी जगातल्या सगळ्यात मोठ्या जातीच्या कंटेनर जहाजांवर काढली.

हे जहाज कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे घडलं ते त्याच्या घडणीमुळेच घडलं.

मोठं कपाट आडवं पाडून पाण्यात सोडावं, तशी त्याची रचना. पोटात उभे खण असतात. खणाच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, त्यांच्यामधून कंटेनर सरसर खाली उतरतो. पोट भरलं की वर झाकणं बसवायची आणि त्या झाकणांवर पुन्हा कंटेनरवर कंटेनर रचायचे. वरच्यांना खणाचा आधार नसतो. ते एकमेकांना कोपऱ्यात कुलपांनी अडकवलेले असतात आणि खालचे थर लोखंडी सळयांनी आवळलेले असतात. एवढ्या भरवशावर ती भिंत महासागर ओलांडते.

जड माल खाली आणि हलका वर, हे कुणालाही कळतं. पण सगळंच जड तळाशी भरलं तर जहाज ताठ होतं. लाट लागली की झटक्यात कलतं आणि तेवढ्याच झटक्यात उभं राहतं, आणि त्या हिसक्यांनी वरच्या सळया तुटतात. वजन वर जास्त झालं तर ते एका अंगावर जाऊन रेंगाळतं आणि परत यायला इतका वेळ लावतं की आपला जीव घशाशी येतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, हा माझा धंदा. बंदरातले लोक संगणकावर आराखडा बनवून पाठवायचे, मी त्यात खोडी काढायचो. खोडी काढणारा म्हणून माझं नाव दूरवर गेलं होतं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

एवढं लांब पोलाद सरळ राहत नाही, हेही लोकांना खरं वाटत नाही. डेकच्या खालून जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक बोळ जातो. खवळलेल्या समुद्रात त्या बोळात उभं राहिलं की पलीकडच्या टोकाचे दिवे वरखाली होताना दिसतात. जहाज वाकत असतं. वाकत नसतं तर मोडलं असतं.

आणि माल कसला? ते आम्हाला ठाऊक नसतं. आमच्याकडे फक्त वजन, नंबर आणि धोक्याचा माल असेल तर तशी खूण. एकदा सुट्टीत मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, हळदीच्या एका व्यापाऱ्याने मला गाठलं. त्याची हळद कंटेनरमधून परदेशी निघाली होती. म्हणाला, "साहेब, आमचा डबा जरा खालच्या अंगाला ठिवा ना. वर ऊन लागलं तर हळदीचा रंग जाते. तकलीफ होत असंल तर तिथल्या माणसाला नुसतं आमचं नाव सांगा." मी समजावलं की तिथे नावाने कुणी कुणाला ओळखत नाही, हजारो डबे असतात, तुमचा कोणता ते मला मरेपर्यंत कळणार नाही. त्याला ते अजिबात पटलं नाही. "एवढी मोठी नोकरी करता, अन् एक डबा खाली ठिवता येत न्हाई?" असं म्हणून तो चहा न पाजताच गेला.

तेव्हा मी हसलो होतो. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. ते जहाज डब्यांच्या मापाने बांधलेलं असतं, माणसाच्या नाही. एवढ्या पसाऱ्यावर आम्ही वीस-पंचवीस माणसं. कॅप्टन उभा राहतो तो ब्रिज पुढच्या बाजूला, उंच. इंजिन मागे. दोघांच्या मध्ये डब्यांचा डोंगर. नाकासमोरचा काही शे मीटर समुद्र ब्रिजवरून दिसतच नाही, आणि बाजूला अगदी बुडाशी काय आहे हेही नीट दिसत नाही. समुद्रातून माणूस वर घ्यायची नेहमीची वाट एकच: बाजूच्या भिंतीतला एक लोखंडी दरवाजा, बंदरात शिरताना वाट दाखवायला तिथला पायलट येतो तो. दरवाजाही पाण्यापासून दुमजली घराइतका वर, आणि तिथून खाली सोडलेली दोरशिडी.

आता तो दिवस.

मुंद्र्याहून कोलंबोला निघालो होतो. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, कोकणातल्या बोटी नुकत्याच दर्यावर आल्या होत्या आणि मागाहून अवेळी वादळ उठलं होतं. वादळ ओसरलं होतं, पण पश्चिमेचा वारा सणसणीत होता आणि लाटा अजून मोठ्या होत्या. सकाळचा चहा घेऊन मी ब्रिजवर गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. दूर डाव्या अंगाला एक मासेमारीची बोट. तिचं नाक तेवढं पाण्यावर, मागचा भाग बुडालेला. नाकाला तीन माणसं चिकटलेली. एक जण निळी ताडपत्री हलवत होता.

आमचा कॅप्टन क्रोएशियाचा, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा. त्याने एका शब्दाचीही चर्चा न करता जहाज वळवायचा हुकूम दिला. पण आमच्या जहाजाला थांबायला काही किलोमीटर लागतात आणि वळायला तेवढाच घेर. त्यामुळे आधी आम्ही त्या तिघांच्या समोरून पुढे निघून गेलो. त्यांना आमची पाठ दिसली असणार. मला ते बघवेना.

वळून येताना कॅप्टनने बेत सांगितला. वाऱ्याच्या बाजूने जायचं, बोटीच्या शेजारी आडवं उभं राहायचं. जहाजाच्या आडोशाला पाणी शांत होतं, त्या शांत पाण्यातून माणसं उचलायची. दर्यावर्दी माणसाला पहिल्या वर्षी शिकवतात तीच रीत, आणि तरुणपणी त्याने एका छोट्या मालवाहू जहाजावरून अशीच माणसं वाचवली होती. मी म्हटलं, "सर, आपली डब्यांची भिंत म्हणजे शीड आहे. वारा आपल्याला त्यांच्यावर ढकलेल. बोट आपल्या आडोशाला, तिला वारा लागणार नाही. ती जागेवर राहील आणि आपण तिच्यावर जाऊ."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "छोटी होडी सोडली तर या लाटांत ती आपल्याच भिंतीवर फुटेल. लांबून दोर फेकला तर तो धरून पोहायची ताकद त्यांच्यात उरली आहे का? ती बोट किती वेळ टिकेल असं तुला वाटतं?"

बोट टिकणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. मी खाली दरवाजाकडे निघालो. बरोबर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सचा एक दणकट माणूस, आणि त्याचे दोघे. कमरेला पट्टा अडकवून मी दरवाजात उभा राहिलो. कॅप्टनला खालचं दिसणार नव्हतं. वॉकीटॉकीवरून मीच त्याचे डोळे.

आडोसा मिळाला. पाणी खरंच निवळलं. बोट हाकेच्या अंतरावर आली आणि खालून आवाज आला, "दोर टाका, दोर!"

मराठी. त्या जहाजावर मराठी कळणारा मी एकटा.  मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "कमरेला बांधा! हाताने धरू नका, कमरेला बांधा!" तिघेही क्षणभर नुसते वर बघत राहिले. अशा जहाजाच्या भिंतीतून मराठी येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार.

त्यातला वयाने मोठा होता तो तांडेल, बोटीचा प्रमुख. धर्मा त्याचं नाव, हे मला नंतर कळलं. त्याने पहिला दोर शेजारच्याच्या कमरेला बांधला. तो हरेश. त्याला आम्ही शिडीवरून अर्धा चढवला, अर्धा ओढला. दुसरा दोर गेला. तांडेलाने तोही दुसऱ्या खलाशाला बांधला. मी ओरडलो, "तुम्ही या!" त्याने नुसती मान हलवली. गाठ मारताना त्याची बोटं वळत नव्हती, दातांनी ओढून तो ती आवळत होता. दुसरा माणूस शिडीला लागला. तांडेल मान वर करून माझ्याकडे बघत होता. एवढ्या सगळ्यात त्याने विचारलं, "गाव कुठला तुमचा?"

"हिंगोली!"

"कुठं आला हा?"

"वर या, मग सांगतो!"

तो हसला. खोटं सांगत नाही, तो हसला.

दुसरा माणूस दरवाजात आला तोवर जहाज बोटीला टेकलं होतं. वाऱ्याने आपलं काम केलं होतं. पोलादाची भिंत बोटीला घासत होती आणि बोट घासत घासत मागे सरकत होती, शिडीपासून लांब. तिसरा दोर टाकला, तो पाण्यात पडला. पुन्हा टाकला, त्याच्या हातात आला, पण बोटं मिटेनात. मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "सर, मागे चालली आहे, मागे." तिकडून काही करता येण्यासारखं नव्हतं. आमच्या इंजिनाला मोटारीसारखा न्यूट्रल नसतो. इंजिन फिरलं की मागचा पंखा फिरलाच, आणि तो पंखा घरापेक्षा मोठा. शेजारी माणूस असताना तो फिरवायचा नसतो. नाकाजवळ आडवे छोटे पंखे असतात, ते लावले तर पुढचा भाग सुटतो आणि मागचा उलट आत येतो. म्हणजे काहीही केलं तरी तोच चिरडायचा. कॅप्टन वॉकीटॉकीवरून एकच विचारत राहिला, "दिसतोय का? दिसतोय का?"

जहाजाचा मागचा भाग वर छज्ज्यासारखा बाहेर आलेला असतो आणि खालून आत कातरलेला. बोट त्या छज्ज्याखाली गेली. मागच्या डेकवरून आमच्या माणसांनी रबरी कडं फेकलं. लाटेबरोबर छज्जा वर गेला आणि खाली आला.

पुन्हा वर गेला तेव्हा फळ्या होत्या. नारंगी कडं होतं. निळी ताडपत्री होती.

"दिसत नाही," मी सांगितलं.

तटरक्षक दलाचं जहाज येईपर्यंत आम्ही तिथेच घिरट्या घातल्या. तो मिळाला नाही. कोलंबोच्या धक्क्यावरची आमची पाळी चुकली, त्याची विचारणा किनाऱ्यावरून आली. कॅप्टनने तिला उत्तर दिलं नाही. संध्याकाळी त्याने मला बोलावून विचारलं, "तो तुला काय म्हणत होता?" मी सांगितलं, माझं गाव विचारत होता. "तू सांगितलंस?" मी म्हटलं, नाव सांगितलं, कुठे आहे ते राहिलं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

कॅप्टनचं चुकलं का? यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. त्या आडोशामुळे दोघं वाचले आणि त्याच आडोशाने तिसरा गेला. छोट्या जहाजाची रीत मोठ्या जहाजाला लागू नव्हती, आणि मोठ्या जहाजाची अशी रीत अजून कुणी बसवलेलीच नव्हती. कंटेनर कसा ठेवायचा, कसा आवळायचा, यावर जाडजूड नियम आहेत. बुडत्या माणसाला भिंतीवरून कसं घ्यायचं यावर थोडंसंच. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, असं मला वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून बरं वाटत नाही.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा दादा शेतात हळद शिजवत होता. कढईच्या वाफेत उभ्या-उभ्याच मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढालं जहाज घेऊन फिरून राहिले तुमी, अन् एक माणूस उचलता आला न्हाई?" टोमणा नव्हता तो. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी कढईखालचं लाकूड आत सारलं. मग तोच म्हणाला, "त्याच्या घरी जाऊन ये. आपली भाषा बोलणारा माणूस व्हता."

गेलो. अलिबागच्या खालच्या अंगाला एक कोळीवाडा आहे. हरेश मला रस्त्यापर्यंत घ्यायला आला होता. चालताना तो म्हणाला, "आमच्यासमोरून तुमचा जहाज पुढं गेला ना, तवा आम्ही दोघं रडाया लागलो. धर्मादादा बोलला, रडू नका रे. मोठा जहाज हाय, वळाया वेळ लागतो. तो वळंल."

धर्माची बायको, हिराबाई, ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. तिने बसायला चटई टाकली. कसं झालं ते हरेशने तिला आधीच सांगितलेलं होतं, तरी मी माझ्या तोंडाने पुन्हा सांगितलं. बोट लाटेने फुटली नाही, आमच्या जहाजानेच चिरडली, हेही सांगितलं. ते न सांगता तिच्या ओट्यावर बसणं मला जमलं नसतं. तिचे हात जाळ्यावरून थांबले नाहीत. मग मी म्हटलं, "त्यांनी मला माझं गाव विचारलं होतं. सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. परभणीच्या पुढे पूर्णा म्हणून जंक्शन आहे, तिथून अकोल्याच्या गाडीत बसलं की वसमत लागतं आणि मग हिंगोली. समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. नामदेवांचं जन्मगाव नरसी तिथेच. आमच्याकडे हळद पिकते, मोंढ्यात हंगामात पाऊल ठेवलं की पाय पिवळे होतात. भाऊ शेती करतो, त्यानेच मला तुमच्याकडे पाठवलं. ती अधूनमधून मान हलवत होती. शाळेत पाठ केलेलं घडाघडा म्हणावं तसा मी बोलत होतो, आणि थांबलो तर रडू येईल म्हणून थांबत नव्हतो.

पण सांगण्यासारखं संपलं.  मग तिने विचारलं, "भाऊ, जहाज केवरा मोठा व्हता?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर मी मिशीवर हात फिरवत दिलं, ते मला देता येईना. एक्सप्रेस नाही, फलाट नाही, देवळाचा कळस नाही. शेवटी म्हटलं, "खूप मोठं होतं, वहिनी. सगळ्या जगात त्याच्याहून मोठी थोडीच असतील."

तिने जाळं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "म्हंजे त्याला लय लांबशी दिसला असंल. आता वाचलो, असा वाटला असंल त्याला."